नोंदीतला डावा डोळा

“डोळा मोठा करा,” मशीनवाली बाई तिसऱ्यांदा म्हणाली, आणि माझं टाळकं फिरलं.

काचेचा डोळा मोठा करून करून किती मोठा करणार? पण तो काचेचा आहे हे तिला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. न सांगण्याची सवय लहानपणापासून हाडात मुरलेली. मी आपली भुवया उंच करून उभी राहिले. तिच्या हातातल्या टॉर्चएवढ्या यंत्रानं पुन्हा लाल दिवा दाखवला.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याच्या गावी एका कॉलेजात लिपिकपदाची परीक्षा होती. जागा चौदा, अर्ज सहा हजारांवर. मी दोन वर्षं मावशीकडे राहून, दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून आणि संध्याकाळी वाचनालय बंद होईपर्यंत बसून अभ्यास केला होता. एकाच्या जागी दुसरा बसू नये म्हणून दारातच प्रत्येकाचे दोन्ही डोळे त्या यंत्रापुढे धरायचे आणि ओळखपत्राच्या नोंदीशी जुळले की आत सोडायचं, अशी पद्धत होती. बोटांचे ठसे आमच्याकडे घेऊन उपयोग नसतो. इथल्या निम्म्या बायकापोरी काजूच्या कारखान्यात बिया फोडतात आणि टरफलातलं तेल बोटांची कातडी खाऊन टाकतं. म्हणून डोळे.

माझा उजवा डोळा एका झटक्यात जुळला होता. डाव्यापाशी घोडं अडलं होतं.

“ताई, लेन्स घातलीय का?”

“नाही.”

“मग असं का करतंय हे?” तिनं पडद्यावर बोट ठेवलं. तिच्या गळ्यातल्या पट्टीवर तेजस्विनी बाबर असं नाव होतं. बोलण्यावरून सांगलीकडची वाटत होती. “नोंदीत तुमचा डावा डोळा हाय की. चांगला ठळक हाय. आणि हा त्याच्याशी जुळत नाही.”

मी गारच पडले. मी पाच वर्षांची असताना आई अंगणात पत्र्याच्या डब्यात काजूबिया भाजत होती. एक बी फुटली आणि तिचं उकळतं तेल माझ्या डोळ्यात उडालं. गोव्याला नेऊन तो डोळा काढावा लागला. तेव्हापासून डाव्या बाजूला काच. मी वाढत गेले तशी ती काचही बदलावी लागायची, आई मला दर दोन-तीन वर्षांनी कोल्हापूरला न्यायची. जो डोळा एकोणीस वर्षं या जगातच नाही, तो नोंदीत ठळक कुठून आला?

खोळंबा बघून केंद्रप्रमुख आले. पेडणेकर सर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

“काय प्रकार आहे?”

“सर, यांचा डावा जुळत नाही,” बाबरबाई म्हणाल्या.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “नाव?”

“हर्षाली धुरी.”

“हर्षाली धुरी तुम्हीच, की तिच्या जागी आलात?”

“मीच. उजवा डोळा जुळलाय ना सर!”

“म्हणजे अर्धी हर्षाली जुळली,” सर म्हणाले. “अर्धीला आत कशी सोडू?”

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. त्या हसण्यानं माझी उरलीसुरली भीड गेली. वाडीबाहेर कुणाला कळता कामा नये, हा आईचा कायदा मी एकोणीस वर्षं पाळला होता. फोटो उजव्या अंगानं काढायचा. बाकावर डाव्या टोकाला बसायचं. कुणी डावीकडून हाक मारली तर नजर नाही, अख्खी मान वळवायची. कशासाठी, तर सोयरीक मोडेल म्हणून. त्या दिवशी मी तो कायदा शंभर लोकांसमोर मोडला.

“सर, माझा डावा डोळा काचेचा आहे.”

“कशावरून?”

आता कशावरून म्हणजे काय? मी खालची पापणी ओढली, डोळा काढला आणि त्यांच्या टेबलावर, हजेरीच्या कागदावर ठेवला. तो जरासा घरंगळला. सर खुर्चीसकट मागे सरकले.

“आत घाला! आत घाला आधी ते!”

“पटलं का?”

“पटलं, पटलं. घाला आत.” त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मी डोळा पाण्याच्या बाटलीनं धुऊन बसवेपर्यंत ते दुसरीकडे बघत होते. मग म्हणाले, “बाई, तुमचा डोळा काचेचा आहे हे मला मान्य. पण मी ते मशीनला कसं सांगू? नोंदीत डोळा आहे. अपवाद लिहिलेला असता तर सोडलं असतं. दरवाजा साडेनऊला बंद होणार. त्याआधी काय ते बघा.”

घड्याळात नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

काय बघणार? पण बघण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती गेटाबाहेर भेंडीच्या डेरेदार झाडाखाली मांडीवर डबा घेऊन बसली होती. आमच्या गावात ओळखपत्राचं शिबिर भरलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. शाळेच्या व्हरांड्यात माझा उजवा डोळा घेतला आणि लगेच आईनं मला पाणी आणायला पिटाळलं. मी तांब्या भरून आले तर म्हणाली, झाला, चल. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी तरातरा गेटाबाहेर गेले.

“आये, माझ्या नावार डावो डोळो कोणाचो?”

तिनं उन्हाला हात आडवा धरून वर पाहिलं. दचकली नाही, बिचकली नाही. “माझो,” म्हणाली. “कित्या? काय झाला?”

“काय झाला म्हणान काय इचारतंस? माका आत सोडनत नाय!”

“मगे हय उभी कित्या? चल, मी लावतंय डोळो.” डबा पिशवीत कोंबून ती उठलीसुद्धा.

“आदी सांग, तू केलंस काय ता.”

“अगो, तू पाण्याक गेलंस नि तो मशीनवालो सगळ्यांत मोठ्यान बोंबाटलो, ‘हिका एक डोळो नाय, काय लिवू?’ थय चार गावची माणसां उभी. मी तेका म्हटलंय, गप रव मेल्या, ह्यो घे माझो डोळो. तोय खूश झालो. तेचा लिवणा वाचला.”

“आनी माका इचारूचा नाय?”

“तुका काय कळत होता तेव्हा! तुझा लगीन कसा झाला असता?”

“मगे झाला माझा लगीन?”

“होतला,” आई म्हणाली. “तू तोंड बंद ठेवलंस तर होतला.”

मला तिथेच रस्त्यावर बसून किंचाळावंसं वाटलं. पण वेळ नव्हता. आई पुढे आणि मी मागे अशा आम्ही दोघी आत आलो. वॉचमन अडवायला लागला, तर बाबरबाईंनी लांबूनच त्याला हात केला.

मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या हबकतील. त्यांनी नुसती मान हलवली.

“मीपण त्या शिबिरांतनं काम केलंय ताई, आमच्या बाजूला,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “अपवाद लिहिला की फॉर्म परत यायचा. पुन्हा फोटो, पुन्हा दाखला, साहेबाची सही. त्यापरास कुणाचातरी डोळा लावला की नोंद एका मिनटात पास. सगळ्यांनी केलंय हे.”

“सगळ्यांनी केलं म्हणून मी बाहेर?”

“बाहेर कशाला? काकू आल्यात की.” त्यांनी पेडणेकर सरांकडे पाहिलं. “सर, एकदा परत ट्राय करू?”

सरांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. “मशीननं हिरवा दिवा दिला की माझं काम संपलं,” ते म्हणाले. “मी जरा पाण्याची सोय बघून येतो.” आणि खरोखरच पाठ करून ते पाण्याच्या पिंपाकडे गेले.

मला हे अजून आठवलं तरी माझ्या कानशिलाच्या शिरा ताठतात. मी डोळा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला तेव्हा त्यांना नियम आठवला. आता खोटं होणार म्हटल्यावर तहान आठवली!

“म्हणजे खरं सांगितलं तर मी तोतया,” मी बाबरबाईंना म्हटलं, “आणि खोटं केलं की आत?”

“तसंच हाय ते. वेळ घालवू नका. काकू, इथं बघा. लाल ठिपक्याकडं.”

आईनं पदर सावरला, मान ताठ केली आणि डावा डोळा यंत्राला लावला. टिंग. हिरवा दिवा लागला. पडद्यावर माझं नाव आणि माझा पंधराव्या वर्षीचा फोटो आला. वॉचमननं माझ्यासाठी दार उघडून धरलं. नऊ वाजून अठरा मिनिटं झाली होती.

आई हरखली. “बगलंस? आजून चालता!” ती म्हणाली. “माझ्या नावार एकदाव चलाक नाय मेलो.”

मी दाराकडे निघाले होते ती थांबले. “म्हंजे?”

“काय नाय. तू जा आत.”

“आये, म्हंजे काय?”

तिनं तोंड फिरवलं. पण बाबरबाईंचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं होतं. तीस वर्षं बिया फोडून काळी पडलेली बोटं, टोकं गुळगुळीत. मग त्यांनी तिच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यात कोपऱ्यातून मांस वाढत वाढत बुबुळावर आलं होतं.

“काकू, तुमचं स्वतःचं कार्ड हाय का?”

“नाय,” आई म्हणाली.

“कार्ड मामाकडे हा म्हणान सांगललंस तू माका!” मी ओरडले.

“मगे काय सांगू? चार येळा गेलंय. बोटां उठनत नाय. उजव्या डोळ्यार ह्या मास. डावो लावलो की मशीन म्हणता, हो डोळो आदीच आसा, दुसऱ्याचो. चौथ्या येळी थयलो माणूस माका म्हणालो, म्हातारे, परत इलंस तर पोलिसांत दितलंय.” ती हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं देव जाणे. “माझोच डोळो, आनी मीच चोर.”

त्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन फुकट करून देणारी शिबिरं आमच्या तालुक्यात वर्षातून दोनदा व्हायची. मी तिला दरवेळी म्हणायचे, जा. ती दरवेळी म्हणायची, माका कापूचा भय वाटता. गेली दोन वर्षं मी तिला भित्री म्हणत होते. मावशीपुढे म्हणत होते, शेजारणीपुढे म्हणत होते. एकदा तर मी तिला म्हटलं होतं, माझा डोळा काढला तेव्हा मी पाच वर्षांची होते, मी नाही घाबरले. शिबिरात आधी कार्ड दाखवावं लागतं, हे तिनं मला तेव्हाही सांगितलं नव्हतं.

“बाई,” मी बाबरबाईंना विचारलं, “हा डोळा माझ्या नावावरून काढून आईच्या नावावर कसा जाईल?”

“तुमची नोंद दुरुस्त करायला लागंल. नोंदीतला डोळा माझा नाही, आईचा आहे, असं लेखी द्यायचं.”

“परीक्षा देऊन मग दिलं तर?”

पेडणेकर सर पाणी पिऊन परतले होते. उत्तर त्यांनीच दिलं. “तर आजचा हिरवा दिवा खोटा ठरेल. परीक्षा रद्द, निवड झाली असेल तर निवड रद्द, आणि वर फौजदारी. आता दिलंत तर तीन वर्षं कुठल्याच भरतीला बसता येणार नाही, एवढंच. आणि काहीच लिहून दिलं नाहीत तर हा डोळा तुमचा. पुढे हजेरीलासुद्धा हीच नोंद लागणार, म्हणजे नंतरही ती बदलता येणार नाही.” मग आवाज खाली आणून, अगदी माझ्या भल्याचं सांगावं तसं ते म्हणाले, “शहाण्या असाल तर गपचूप आत जा. आठ मिनिटं आहेत.”

“जा गो,” आईनं मला ढकललं. “काय इचार करतंस?”

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, काय थोर मुलगी! मी थोरबीर काही नाही. मी जे केलं ते रागानं केलं. त्या शिबिरातल्या माणसाचा राग, ज्यानं चार ओळी लिहायच्या टाळल्या. पेडणेकर सरांचा राग. आणि सगळ्यात जास्त आईचा. मला न विचारता तिनं मला डोळा दिला, मला न सांगता ती स्वतः निनावी राहिली, आणि वर माझ्याकडून भित्री म्हणवून घेतलं. तिचं हे देणं मला माझ्या डोक्यावरून उतरवायचं होतं, लगेच, त्याच मिनिटाला. पुढचा विचार मी केलाच नाही.

मी सरांच्या खिशातलं पेन उपसून घेतलं आणि टेबलावरचा एक कोरा कागद ओढला.

“काय लिवता ती?” आईनं विचारलं.

माझं लिहून झाल्यावर बाबरबाईंनी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. “मी, हर्षाली रामा धुरी, लिहून देते की माझा डावा डोळा काचेचा आहे. माझ्या नोंदीत असलेला डावा डोळा माझी आई सुगंधा रामा धुरी हिचा आहे. तो माझ्या नोंदीतून काढून तिच्या नावावर करावा.”

आईची चपराक डावीकडून आली, म्हणून मला दिसलीच नाही. नुसता गाल पेटला.

“नऊ वर्सां!” आई ओरडली. “नऊ वर्सां निनावी रवलंय मी, ती कोणासाटी गो? ह्या बगूक? फाड तो कागद! फाड म्हणतंय ना!”

“नाय फाडूचंय.”

“पेपर दी, नायतर माझी नऊ वर्सां दी!”

“तुका मी सांगललंय रव म्हणान? सांगललंय?”

तिनं कागदावर झडप घातली. बाबरबाईंनी तो पाठीमागे धरला. सर “अहो बाई, अहो बाई” करत मध्ये आले, तर आईनं त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाची बाही धरून त्यांना गदागदा हलवलं. “तुमी सांगा हिका! पाणी पिऊक बरे गेलास!” आत घंटा झाली. वॉचमन दार धरून माझ्याकडे बघत होता. मी जागची हलले नाही. मग त्यानं दार लावून घेतलं.

आई खाली फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडली. मी रडले नाही, माझा राग उतरलाच नव्हता. परतीच्या गाडीत ती एका बाकावर आणि मी दुसऱ्या बाकावर बसले. डबा तसाच परत आला.

तीन वर्षांची बंदी लागली. ती उठली तेव्हा भरती निघाली नाही. पुढे निघाली तेव्हा माझा अभ्यास मोडला होता आणि ज्यांच्यासोबत मी वाचनालयात बसायचे त्यातल्या दोघी तालुक्याच्या कचेरीत पंख्याखाली बसायला लागल्या होत्या. आज मी काजूच्या कारखान्यात माल वेगळा करणाऱ्या बायकांवर देखरेख करते. मी त्या दिवशी आत गेले असते तर, हा विचार मनात येत नाही असं नाही. येतो, चांगला येतो, आणि आला की त्या दिवशी कुणाशी नीट बोलत नाही.

नोंद दुरुस्त व्हायला सात महिने लागले. कागद वर गेला, परत आला, पुन्हा गेला. त्या सात महिन्यांत आई माझ्याशी कामापुरतंही धड बोलली नाही. जेवणाचं ताट पुढ्यात सरकवायची आणि पडवीत जाऊन बसायची. शेवटी निरोप आला, आईला घेऊन या. ती येईना. मी तिला हाताला धरून अक्षरशः ओढत तालुक्याला नेली.

तिथल्या माणसानं यंत्र तिच्या डाव्या डोळ्याला लावलं. टिंग. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर तिचा फोटो आला.

“सुगंधा रामा धुरी,” त्यानं वाचलं. “बरोबर?”

“बरोबर,” आई म्हणाली.

ती पडद्याकडे बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. सात महिने मी या एका मिनिटाची वाट पाहिली होती. निदान मान तरी हलवील, असं मला वाटत होतं. ती माझ्याकडे वळली.

“नोकरी घालवलंस,” ती म्हणाली. “आता ह्या नावाचा मी काय लोणचा घालू?”

“घाल!” मी त्या भरल्या कचेरीत ओरडले. “लोणचा घाल, नायतर उकिरड्यार टाक! तुझा आसा, तुका काय व्हया ता कर!”

“ओरडतंस कोणार? आवशीर ओरडतंस?”

“होय, ओरडतंय!”

रांगेतला पुढचा माणूस “बाई, जरा सरका” म्हणत होता. आम्ही सरकलो, आणि तिथून एस्टी स्टँडपर्यंत दोघी कडाकडा भांडत गेलो.